मूल अजून बोलत नाही: वाट कधी पाहावी आणि कधी पाहू नये

"याचे बाबाही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते." बालरोगतज्ज्ञाकडे हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळते आणि ते बहुधा आजी सांगते. पुष्कळदा ते खरेही असते. उशिरा बोलणारी बरीच मुले पुढे बरोबरीच्या मुलांना गाठतात. अडचण अशी की दोन वर्षांच्या वयात कोणते मूल आपोआप गाठणार आणि कोणाला मदत लागणार, हे नुसते पाहून सांगता येत नाही. त्यासाठी तपासणी करावी लागते, आणि ती केल्याने काहीच बिघडत नाही. न केल्याने मात्र सुरुवातीची मोलाची वर्षे हातची जाऊ शकतात.

शब्दांच्या आधी काय घडते

बाळाला पोटात असतानाच, साधारण सहाव्या महिन्यापासून ऐकू येऊ लागते. जन्मल्यावर आईचा आवाज ते इतर आवाजांतून ओळखते. कॅनडातील संशोधक जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 मध्ये दाखवले की इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील 'त' आणि 'ट' वेगळे ऐकू येतात. पण वर्षाच्या आसपास ही क्षमता ओसरते, कारण त्यांच्या कानावर तो फरक पडतच नाही. म्हणजे पहिला शब्द येण्याच्या आधीच मेंदू घरच्या भाषेची निवड करत असतो.

दोन-तीन महिन्यांचे बाळ हुंकार देते. सहा ते नऊ महिन्यांत 'बाबाबा', 'दादादा' सुरू होते. (या वयातला 'बाबा' वडिलांसाठी नसतो, पण ही गोष्ट वडिलांना सांगायची गरज नाही.) एक बाब आवर्जून लक्षात ठेवा: ऐकू न येणारी बाळेही पहिल्या काही महिन्यांत हुंकार देतात, हसतात. त्यामुळे 'आवाज काढतो, म्हणजे ऐकू येते' हा निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो.

नऊ ते चौदा महिन्यांतली बोट दाखवण्याची सवय मला शब्दांइतकीच महत्त्वाची वाटते. बोट दोन कारणांसाठी दाखवले जाते. एक, 'ते मला हवे' म्हणून. दुसरे, नुसते 'ते बघ' म्हणून: खिडकीतला कावळा दाखवायचा आणि लगेच तुमच्या चेहऱ्याकडे पाहायचे. या दुसऱ्या प्रकारात मूल तुमच्याशी काहीतरी वाटून घेत असते आणि भाषा त्याच पायावर उभी राहते. दीड वर्षाचे मूल कमी बोलते, पण असे दाखवते, हाक मारल्यावर वळते, 'चप्पल आण' म्हटल्यावर आणते, तर चिंता बरीच कमी होते. जे मूल बोलत नाही आणि दाखवतही नाही, त्याची तपासणी लगेच करावी.

पहिला अर्थपूर्ण शब्द वर्षाच्या आसपास येतो. दोन वर्षांपर्यंत साधारण पन्नास शब्द आणि दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते: 'पाणी दे', 'बाबा गेले'. तिसऱ्या वर्षी तीन-चार शब्दांची वाक्ये येतात आणि बाहेरच्या माणसालाही बरेचसे बोलणे समजते. 'र' चा 'ल' होणे मात्र चार-पाच वर्षांपर्यंत चालते. बाळ वेळेआधी जन्मले असेल, तर दोन वर्षांपर्यंत वय मूळ प्रसूतीच्या तारखेपासून मोजा.

आधी कान तपासा

दर हजार नवजात बाळांमागे साधारण एक ते तीन बाळांना जन्मतः लक्षणीय श्रवणदोष असतो. जन्मानंतर महिन्याभरात चाचणी, तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू, असे उद्दिष्ट जगभर मानले जाते. नवजात बाळाची ओएई ही चाचणी बाळ झोपलेले असताना काही मिनिटांत होते. शंका राहिली तर बेरा ही चाचणी करतात. बाळ अतिदक्षता विभागात राहिले असेल, कावीळ फार वाढून रक्त बदलावे लागले असेल, मेंदूज्वर झाला असेल किंवा नात्यात लहानपणापासूनचा बहिरेपणा असेल, तर ही तपासणी टाळू नका.

घरी टाळी वाजवून किंवा ताट आपटून पाहणे ही चाचणी नव्हे. मूल हवेच्या झोतामुळे, सावलीमुळे किंवा जमिनीच्या कंपनामुळे वळते. काही मुलांना मोठे, खर्जातले आवाज ऐकू येतात, पण 'स', 'श' सारखे बारीक आवाज येत नाहीत. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत कानाच्या पडद्यामागे पाणी साठूनही ऐकणे मंदावते. म्हणून जन्मावेळची चाचणी चांगली आली असली, तरी बोलणे उशिरा असेल तर ती पुन्हा करावी.

घरोघरचे समज

जिभेखालचा पडदा आखूड असल्यास स्तनपानाला अडचण येऊ शकते, पण मूल बोलतच नाही याचे ते कारण नव्हे. वेखंड उगाळून चाटवल्याने वाचा लवकर येते, याला आधार नाही. त्यातला बीटा-असॅरोन हा घटक हानिकारक असू शकतो, म्हणून चाटवू नये. घरात मराठी, शेजारी हिंदी, असे असल्यामुळेही मूल मुके राहत नाही. फक्त मोजताना दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजा. इंग्रजी शाळेसाठी घरातली मराठी बंद करण्याचा सल्ला मात्र कृपया मानू नका. ज्या भाषेत तुम्ही सहज रागावता आणि लाड करता, तीच मुलासाठी समृद्ध असते.

मोबाईलबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा की दोन वर्षांखालील मुलांना पडदा देऊ नये, नातेवाइकांशी व्हिडिओ कॉलचा अपवाद सोडून. दोन ते पाच वर्षांत दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. कारण सोपे आहे: मोबाईल बोलतो, पण उत्तरासाठी थांबत नाही. इंग्रजी गाणी, रंग, आकडे घडाघडा म्हणणारे पण तहान लागल्यावर पाणी न मागणारे मूल हुशार आहे म्हणून निश्चिंत राहू नका. त्याची स्वमग्नतेच्या दृष्टीनेही तपासणी व्हायला हवी.

घरी काय करता येईल

वेगळा वेळ काढायला हवा असे नाही. मटार सोलताना, अंघोळ घालताना जे चालले आहे तेच छोट्या वाक्यांत बोला. मग थांबा. मनात पाचपर्यंत मोजा. मोठ्यांना हे थांबणेच सर्वांत कठीण जाते. मूल 'गाडी' म्हणाले, तर तुम्ही 'लाल गाडी' म्हणा, एकच शब्द वाढवून. बडबडगीताच्या ओळीचा शेवटचा शब्द त्याच्यासाठी सोडा. 'काका बोल, आत्या बोल' अशी पाहुण्यांसमोरची परीक्षा नको. दिवसभर आजी किंवा सांभाळणाऱ्या ताई मुलाजवळ असतील, तर हे त्यांनाही दाखवा. मुलाचे जास्त बोलणे त्यांच्याशीच होणार आहे.

कधी आणि कुठे जावे

वर्षाला बडबड नाही आणि खुणाही नाहीत, सोळा महिन्यांना एकही शब्द नाही, दोन वर्षांना दोन शब्दांची जोडणी नाही, तर वाट पाहू नका. आलेले शब्द किंवा नजरेला नजर देणे कोणत्याही वयात नाहीसे झाले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

अंगणवाडीतील तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते. तिथून मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मोफत पाठवता येते. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवण यांसाठीच आहे. नाव नोंदवून तारीख लांबची मिळाली, तर तोवर घरचे उपाय सुरू ठेवा.

जाताना माता-बाल संरक्षण कार्ड, प्रसूतीच्या वेळचे कागद आणि मूल बोलते त्या शब्दांची यादी न्या. तोडके-मोडके, फक्त तुम्हालाच कळणारे शब्दही लिहा. शिवाय घरी खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ न्या, कारण अनोळखी खोलीत बरीच मुले तोंडच उघडत नाहीत.