महाकाय दीर्घिकांमधील तारानिर्मिती का थांबते?

विश्वातील सर्वांत मोठ्या दीर्घिका आज बहुतांशी निष्क्रिय आहेत. त्यांच्यात अब्जावधी तारे आहेत. परंतु नव्याने जन्मलेला तारा तेथे क्वचितच आढळतो. आपली आकाशगंगा मात्र आजही दरवर्षी सुमारे एक ते दोन सूर्यांएवढ्या वस्तुमानाचे नवे तारे घडवीत आहे. विशेष म्हणजे, ज्या महाकाय दीर्घिका आज थंडावल्या आहेत, त्यांपैकी अनेक एके काळी वर्षाला शेकडो सूर्यांएवढ्या वेगाने तारे निर्माण करीत होत्या. मग ही निर्मिती थांबली कशामुळे, आणि पुन्हा सुरू का झाली नाही? गेली काही दशके खगोलशास्त्रज्ञ या प्रश्नाचा मागोवा घेत आहेत. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांनी तो आणखी बिकट केला आहे.

रंगावरून वयाचा अंदाज

दीर्घिकेत तारे जन्मत आहेत किंवा नाहीत, हे तिच्या रंगावरून बऱ्याच अंशी कळते. जड तारे अतितप्त आणि निळसर असतात. मात्र ते आपले इंधन झपाट्याने संपवतात आणि काही दशलक्ष वर्षांतच नष्ट होतात. सूर्यासारखा तारा सुमारे एक हजार कोटी वर्षे टिकतो, तर त्याहून लहान तांबूस तारे त्याच्या कितीतरी पट अधिक काळ तेवत राहतात. साहजिकच, ज्या दीर्घिकेत निळे तारे दिसतात तेथे तारानिर्मिती चालू असते. जेथे ती बंद पडली, तेथे निळे तारे लोप पावून केवळ तांबडा प्रकाश उरतो. अशा दीर्घिकांना खगोलशास्त्रज्ञ ‘लाल आणि मृत’ असे संबोधतात.

स्लोन सर्वेक्षणात लाखो दीर्घिकांचे वर्णपट नोंदवले गेले. २००३ च्या सुमारास त्यांच्या विश्लेषणातून एक स्पष्ट विभागणी पुढे आली. ताऱ्यांचे एकूण वस्तुमान सुमारे ३० अब्ज सूर्यांपेक्षा कमी असलेल्या दीर्घिका प्रामुख्याने तरुण आणि निळ्या आहेत. त्याहून जड दीर्घिका प्रामुख्याने जुन्या व लाल आहेत. लहान वस्तू आधी जन्मतात आणि त्यांच्या एकत्रीकरणातून मोठ्या वस्तू सावकाश घडतात, या प्रचलित चित्राशी हे निरीक्षण सहज जुळणारे नव्हते. सर्वांत मोठ्या दीर्घिकांनी आपले तारे सर्वांत आधी घडवले होते.

धुळीआड दडलेला बहर

दूरच्या दीर्घिकेकडे पाहणे म्हणजे भूतकाळात पाहणे होय. तिच्यापासून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचण्यास अब्जावधी वर्षे लागतात. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. त्यातील तारानिर्मितीचा सर्वाधिक बहर सुमारे एक हजार कोटी वर्षांपूर्वी होता, आणि तेव्हापासून तिचा वेग सुमारे दहा पटींनी मंदावला आहे.

या बहराचा मोठा भाग साध्या दुर्बिणींना दिसत नव्हता. नवजात ताऱ्यांचा प्रकाश भोवतालची धूळ शोषून घेते आणि उष्णतेच्या रूपाने दीर्घ तरंगलांबीवर बाहेर टाकते. हवाई बेटावरील जेम्स क्लर्क मॅक्सवेल दुर्बिणीवर बसवलेल्या ‘स्कूबा’ या उपकरणाने १९९८ मध्ये अशा धूळभरल्या दीर्घिका उघडकीस आणल्या. त्यांतील काहींमध्ये वर्षाला शेकडो ते हजार सूर्यांएवढे तारे जन्मत होते. हा वेग फार काळ टिकणे शक्य नव्हते, कारण जवळचा वायू सुमारे दहा कोटी वर्षांतच संपून गेला असता.

इंधन संपते की अडवले जाते?

तारे थंड हायड्रोजन वायूपासून जन्मतात. या वायूच्या मेघांचे तापमान उणे २५० अंश सेल्सिअसच्या खाली गेले, म्हणजे गुरुत्वाकर्षण त्यांना आकुंचित करू शकते. वायू संपला की तारानिर्मिती थांबणार, हे उघड आहे. परंतु दीर्घिका ही बंद पेटी नव्हे. दीर्घिकांमधील पोकळीतून नवा वायू तिच्याकडे सतत ओढला जातो.

या पुरवठ्याचे महत्त्व पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीने, अर्थात जीएमआरटीने, दाखवून दिले. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेल्या या दुर्बिणीने सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या ७,६५३ दीर्घिकांमधील हायड्रोजनच्या अतिक्षीण रेडिओ संकेतांची सरासरी काढली. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या या निष्कर्षानुसार, त्या दीर्घिकांकडील अणुरूप वायू केवळ १०० ते २०० कोटी वर्षे पुरण्याइतकाच होता. बाहेरून पुरेशी भर पडली नाही, म्हणूनच पुढे विश्वातील तारानिर्मिती ओसरली, असा त्याचा अर्थ आहे.

महाकाय दीर्घिकांबाबत मात्र एक वेगळाच पेच आहे. त्यांच्याभोवती वायूची वानवा नाही. तो विपुल आहे, पण लक्षावधी किंवा कोट्यवधी अंश तापलेला आहे. ययाती तारकासमूहातील दीर्घिकागुच्छाच्या मध्यभागी, हिशेबाप्रमाणे, दरवर्षी शेकडो सूर्यांएवढा वायू थंड होऊन खाली यायला हवा. प्रत्यक्षात त्याच्या अल्पांशानेही तारे तेथे जन्मत नाहीत. कोणीतरी हा वायू सतत तापवत असले पाहिजे.

कृष्णविवराचा हात

संशयाची सुई दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराकडे वळते. दीर्घिकेच्या तुलनेत त्याचा आकार नगण्य असतो; परंतु वायू त्याच्यात कोसळताना बाहेर पडणारी ऊर्जा संपूर्ण दीर्घिकेला बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेच्या अनेक पट भरते. जोसेफ सिल्क व मार्टिन रीस यांनी १९९८ मध्ये ही कल्पना मांडली. तेजस्वी क्वासारच्या अवस्थेत कृष्णविवर वायूला दीर्घिकेबाहेर ढकलते, हा तिचा गाभा होता. पुढे वायू पुन्हा थंड होऊ नये म्हणून शांत झालेले कृष्णविवर रेडिओ झोतांनी त्यास ऊब देत राहते, असा दुसरा टप्पाही मानला जातो. २००६ मध्ये जर्मनी व इंग्लंडमधील दोन गटांनी संगणकीय प्रतिकृतींत हा परिणाम समाविष्ट केला, तेव्हा महाकाय दीर्घिका निरीक्षणाशी जुळणाऱ्या आकाराच्या व रंगाच्या दिसू लागल्या. त्यापूर्वी त्या प्रतिकृतींत अवास्तव मोठ्या आणि निळ्या होत.

अशा तापवणुकीच्या खुणा आकाशात दिसतात. ययाती गुच्छातील एनजीसी १२७५ या दीर्घिकेभोवतीच्या वायूत झोतांनी कोरलेल्या पोकळ्या आणि दूरवर पसरलेल्या दाबाच्या लहरी चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीने टिपल्या आहेत. भुजंगधारी तारकासमूहातील एका गुच्छात तर आपल्यासारख्या पंधरा आकाशगंगा ओळीने मावतील एवढी पोकळी २०२० मध्ये निश्चित झाली. त्या शोधातही जीएमआरटीच्या निरीक्षणांचा वाटा होता.

वेब दुर्बिणीने वाढवलेले कोडे

डिसेंबर २०२१ मध्ये अवकाशात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीने या कथेचा कालपट मागे ढकलला. २०२३ मध्ये एडिंबरा विद्यापीठाचे अॅडम कार्नल व सहकाऱ्यांनी जीएस-९२०९ या दीर्घिकेचे निरीक्षण प्रसिद्ध केले. ती महास्फोटानंतर १२५ कोटी वर्षांच्या काळातील आहे. सुमारे ४० अब्ज सूर्यांएवढे तारे तिने अवघ्या २० कोटी वर्षांत घडवले आणि विश्व ८० कोटी वर्षांचे असतानाच आपले काम थांबवले. तिच्या केंद्रातील कृष्णविवर अपेक्षेपेक्षा बरेच मोठे आहे. २०२५ मध्ये तर महास्फोटानंतर केवळ ७० कोटी वर्षांनी थंडावलेली दीर्घिका नोंदवली गेली. इतक्या लवकर इतकी मोठी दीर्घिका घडून विझावी, हे प्रचलित प्रतिकृतींना सहजासहजी साधत नाही.

थांबवण्याची क्रिया प्रत्यक्ष चालू असतानाही दिसली आहे. सुमारे ११५० कोटी वर्षांपूर्वीच्या, ‘पाब्लोची दीर्घिका’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या दीर्घिकेतून थंड वायू सेकंदाला सुमारे एक हजार किलोमीटर वेगाने बाहेर फेकला जात असल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. हा वायू स्वतः प्रकाशत नाही. मागील ताऱ्यांचा प्रकाश तो अडवतो, त्यावरून त्याचा पत्ता लागला. ताऱ्यांसाठी लागणारे इंधनच येथे हिरावले जात होते.

तथापि, प्रत्येक महाकाय दीर्घिकेबाबत कृष्णविवरच कारणीभूत आहे, असे म्हणता येत नाही. गुच्छातून धावताना वायू उडून जाणे, किंवा दोन दीर्घिकांच्या टकरीत तो एकदम खर्ची पडणे, हीदेखील कारणे असू शकतात. कोणते कारण कोठे लागू पडते, हे ठरवण्यासाठी वायू, तारे व कृष्णविवर या तिघांचीही एकाच दीर्घिकेत मोजदाद व्हावी लागते. चिलीतील ‘अल्मा’ आणि वेब या दुर्बिणी आता हेच काम करीत आहेत.

आपल्या आकाशगंगेचे केंद्रीय कृष्णविवर सुमारे ४० लक्ष सूर्यांएवढे असून सध्या शांत आहे. बाहेरून वायू मिळत राहील तोवर येथे नवे सूर्य जन्मतील. तो ओघ आटल्यावर आधी निळे तारे विझतील, त्यानंतर सूर्यासारखे, आणि शेवटी फार दीर्घकाळ केवळ लहान तांबडे तारे प्रकाशत राहतील.