वालधुनीतील अदृश्य खवय्ये

अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी उल्हासनगर ओलांडून कल्याणजवळ उल्हास नदीच्या खाडीला मिळते. मंदिराच्या शिलालेखात शके ९८२ (इ.स. १०६०) अशी नोंद आहे, आज मात्र या नदीकाठाने जाणारा नाकाला रुमाल लावतो. या दुर्गंधीचे मूळ शालेय विज्ञानातील एका धड्यात सापडते.

हिरव्या वनस्पती सूर्यप्रकाश, पाणी व कर्बवायू यांपासून स्वतःचे अन्न बनवतात, त्या स्वयंपोषी. ज्यांना हे साधत नाही ते परपोषी. माणूस, मासा किंवा अमीबा अन्न शरीरात घेऊन पचवतो. परजीवी दुसऱ्याच्या देहातून आयते अन्न ओढतो. कुंपणावर पिवळ्या दोऱ्यांसारखी पसरणारी अमरवेल ही वनस्पती असूनही याच पंक्तीतील. आंब्यावरचे बांडगूळ मात्र नावाइतके आयतोबा नाही. ते झाडाचे पाणी व क्षार चोरते, पण पाने हिरवी असल्याने काही अन्न स्वतः शिजवते.

मृतोपजीवींची तऱ्हा सर्वांत निराळी. बुरशी आणि असंख्य जीवाणूंना ना तोंड, ना जठर. ते विकरे शरीराबाहेर सोडतात, अन्न बाहेरच विरघळवतात आणि मग शोषून घेतात. पावसाळ्यात कुजक्या ओंडक्यावर उगवणारी अळंबी हा केवळ दर्शनी भाग. खरे जेवण लाकडात पसरलेल्या तंतूंमार्फत चालते.

सांडपाणी नदीत मिसळले की या जीवाणूंची पंगत बसते. मैला थोडा असेल तर ते नदी स्वच्छ करतात. परंतु जेवताना पाण्यातील प्राणवायू वापरतात. आपल्याकडील तापमानात एक लिटर पाण्यात जेमतेम आठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ही शिदोरी संपली की मासे गुदमरतात आणि प्राणवायूविना जगणारे जीवाणू ताबा घेतात. त्यांच्यापैकी काही हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्यांसारखा वास येतो तो त्याचाच. म्हणूनच नदीचे प्रदूषण ‘जैवरासायनिक प्राणवायू मागणी’ने मोजतात: २७ अंश तापमानाला तीन दिवसांत जीवाणूंनी किती प्राणवायू वापरला, हा तो हिशेब. स्नानयोग्य पाण्यासाठी मर्यादा लिटरमागे तीन मिलिग्रॅम आहे.

कारखान्यांच्या रसायनांपुढे मात्र या खवय्यांचेही काही चालत नाही. २०१४ च्या अखेरीस वालधुनीत सोडलेल्या रसायनांच्या वायूमुळे उल्हासनगरमधील अनेक रहिवाशांना रुग्णालयात दाखल करावे लागले होते. ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल स्थानिक संस्थांसह संबंधितांना सुमारे ९५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. याच उल्हास नदीतून बदलापूरजवळ पिण्याचे पाणी उचलले जाते, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

सांडपाणी प्रक्रिया केंद्रातही राबतात ते हेच जीवाणू. तेथे त्यांना यंत्राने हवा पुरवली जाते, एवढाच फरक. हवा तुटली की तेथेही तीच दुर्गंधी सुटते. आणि विषारी रसायन आत शिरले तर मेलेली वसाहत पुन्हा वाढवण्यात काही आठवडे जातात.