लोणारचा खार आणि हळदीची साक्ष

अम्ल, अल्क आणि लवण हा धडा शाळेंत चालतो, तेव्हां विद्यार्थ्यांच्या हातीं लिटमसचा कागद येतो. तो अम्लांत तांबडा व अल्कांत निळा होतो. ही सारी विद्या सातासमुद्रांपलीकडून आली, असा मुलांचा ग्रह होतो. तो सर्वस्वीं खरा नाहीं. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या सरोवरानें या धड्याचा एक भाग आपल्या पूर्वजांस केव्हांच शिकविला होता.

लवणासुराचा वध येथें झाला, अशी कथा आहे. ती बाजूस ठेवली तरी इतिहास उरतोच. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलानें 'ऐन-ए-अकबरी'त नमूद केलें आहे कीं, येथील डोंगरांत कांच व साबण यांचें साहित्य मिळतें आणि क्षारांच्या कामापासून सरकारास चांगलें उत्पन्न होतें.

हा क्षार सांचतो कसा? सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें हें विवर अशनिपातानें बनलें. झऱ्यांचें पाणी आंत येतें. बाहेर वाहून जाण्यास वाट नाहीं. उन्हानें पाणी उडून जातें, क्षार मागें राहतात. पूर्वीं उन्हाळ्यांत कांठावर धरलेली त्यांची खपली लोक गोळा करीत आणि दल्ला, निमकदल्ला, पापडी, भुस्की अशा तिच्या जाती निवडीत.

या निवडींतच मर्म आहे. निमक म्हणजे मीठ. खारांत मुख्य अंश सोड्याचा. रसायनशास्त्राप्रमाणें दोन्ही लवणेंच. परंतु मिठाच्या पाण्यांत हळद पिवळी राहते, सोड्याच्या पाण्यांत तांबडी होते. हळदीचा डाग साबण लागतांच तांबडा होतो, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे; कारण तेंच. मीठ हें प्रबल अम्ल व प्रबल अल्क यांचें अपत्य; सोड्यांतील अल्क प्रबल पण अम्ल दुर्बळ, म्हणून पाण्यांत अल्काचा गुण वरचढ ठरतो. "लवण म्हणजे उदासीन" असें मीही कित्येक वर्षें वर्गांत सांगत असें. लोणारचा खार वेचणारे त्या बाबतींत माझ्याहून सावध होते.

युरोपांत रॉबर्ट बॉइलनें १६६४ सालीं फुलांच्या रंगांवरून अम्ल व अल्क ओळखण्याची रीत ग्रंथांत मांडली. १९०९ सालीं कोपनहेगन येथें सोरेनसेननें त्यांस अंकांचें माप दिलें. शुद्ध पाण्याचा अंक ७, लोणारच्या पाण्याचा सुमारें १०. प्रत्येक अंकास दसपट फरक धरतां, हें अंतर हजारपटीचें होतें.

जून २०२० मध्यें हें पाणी गुलाबी झालें. खारट पाण्यांतच वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळें हा रंग आला, असें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणींत आढळलें. त्याच वर्षीं सरोवरास रामसर यादींत स्थान मिळालें. परंतु सांडपाणी व गोडें पाणी बेसुमार आंत शिरलें, तर हा क्षार विरळ होईल आणि त्यावर जगणारी सृष्टि लोपेल.

हळदीच्या पाण्यांत कागद भिजवून वाळवा. एका टोकास मिठाचें पाणी लावा, दुसऱ्यास धुण्याच्या सोड्याचें. मुलांस तो पाहूं द्या, आणि मग लोणारची गोष्ट सांगा.