प्लेगच्या दिवसांतील विश्वास

वांद्र्याच्या जुन्या गल्ल्यांत जागोजागी क्रूस दिसतात. त्यांतील कित्येक प्लेगच्या काळी उभारलेले आहेत. त्यांच्यापुढे मेणबत्ती लावणाऱ्यांना भय केवळ रोगाचे नव्हते, सरकारी गाडीचेही होते, असे आम्हांला वाटते.

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात ही साथ प्रथम ओळखली ती आमच्याच समाजातील गोमंतकीय डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी. निदान अचूक होते. रोग्याला वेगळे ठेवणेही सर्वस्वी गैर नव्हते. परंतु रुग्णालयात नेलेल्या आपल्या माणसाचे पुढे काय होते, हे घरच्यांना समजावून सांगणारे कोणी नव्हते. ऑक्टोबरात गिरणीकामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला.

१८९७च्या फेब्रुवारीत साथीचा कायदा आला. पुण्यात रँडसाहेबांनी झडतीसाठी गोरे शिपाई घरांत धाडले. देवघर, माजघर काही वर्ज्य राहिले नाही. लोक रोगी दडवू लागले. रोग हुडकण्यासाठी काढलेल्या झडतीनेच रोगाला आडोसा मिळाला! २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली.

त्याच पुण्याजवळ पुत्र डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. हाती ना हुकूम, ना शिपाई. १० मार्च १८९७ रोजी त्या प्लेगनेच गेल्या.

पुढे मुंबईत निरनिराळ्या समाजांना आपापली प्लेग-रुग्णालये काढू देण्यात आली. पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग रुग्णालय निघाले. रोग तोच, विलगीकरणही तेच. उशापाशी बसणारी माणसे मात्र ओळखीची होती.