मुंबई महानगरपालिका निवडणूक, २०१७ : निकाल

बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या २२७ जागांसाठी २१ फेब्रुवारी २०१७ रोजी मतदान आणि २३ फेब्रुवारीला मतमोजणी झाली. शिवसेनेला ८४, भारतीय जनता पक्षाला ८२, काँग्रेसला ३१, राष्ट्रवादी काँग्रेसला ९, मनसेला ७, समाजवादी पक्षाला ६, एमआयएमला २ आणि अखिल भारतीय सेनेला १ जागा मिळाली. पाच अपक्ष निवडून आले. बहुमताचा आकडा होता ११४. तिथपर्यंत कोणीच पोहोचले नाही.

राज्यात एकाच मंत्रिमंडळात बसणारे शिवसेना आणि भाजप हे दोन पक्ष मुंबईत मात्र एकमेकांवर तुटून पडले होते. २६ जानेवारीला गोरेगावच्या मेळाव्यात शिवसेना पक्षप्रमुख उद्धव ठाकरे यांनी युती मोडल्याचे जाहीर केले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ‘पारदर्शकता’ हा प्रचाराचा मुद्दा केला. सेनेच्या मंत्र्यांचे राजीनामे ‘खिशात’ होते आणि ते खिशातच राहिले.

भाजपने ३१ वरून ८२ वर घेतलेली झेप डोळ्यांत भरते खरी, पण २०१२ मध्ये युतीत त्याच्या वाट्याला मोजक्याच जागा होत्या, हे विसरून चालत नाही. तरीही १९९७ पासून पालिका राखणाऱ्या सेनेच्या इतक्या जवळ तो प्रथमच आला. या चढाओढीत बाकीचे भरडले गेले. काँग्रेस ५२ वरून ३१ वर आली, तर मनसे २८ वरून थेट ७ वर.

मतमोजणीच्या सकाळी सेना बरीच पुढे होती. दुपारनंतर अंतर आटत गेले. प्रभाग २२० मध्ये तर भाजपचे अतुल शहा आणि सेनेचे सुरेंद्र बागलकर यांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली. शेवटी ईश्वरचिठ्ठी काढावी लागली आणि शहा विजयी झाले. चिठ्ठी उलटी पडती, तर ८४–८२ ऐवजी ८५–८१ असा हिशेब लागला असता.

महापौरपदाचा प्रश्न मात्र मतपेटीने नव्हे, माघारीने सुटला. महापौर, उपमहापौर, स्थायी समिती, काहीच लढवणार नाही, ‘पहारेकरी’ म्हणून राहू, असे भाजपने मार्चच्या सुरुवातीला जाहीर केले. ८ मार्चला सेनेचे विश्वनाथ महाडेश्वर १७१ मते मिळवून महापौर झाले. काँग्रेसच्या विठ्ठल लोकरे यांना ३१ मते मिळाली. महिनाभरापूर्वी ज्यांच्या कारभारावर सभा गाजवल्या, त्यांच्याच उमेदवाराला भाजपच्या नगरसेवकांनी हात वर करून मते दिली. राज्य सरकार टिकवण्याची ही किंमत होती, असाच त्याचा अर्थ लावला गेला.

निकालाचे आकडे पुढेही स्थिर राहिले नाहीत. ऑक्टोबर २०१७ मध्ये भांडुपची पोटनिवडणूक भाजपने जिंकली आणि लगोलग मनसेच्या सातपैकी सहा नगरसेवकांनी सेनेची वाट धरली. या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. नवी निवडणूक न झाल्याने पालिकेचा कारभार प्रशासकाकडे गेला.