धावफलक आणि समुद्र

सोलापूर आणि क्रिकेट म्हटले की पॉली उम्रीगर आठवतात. २८ मार्च १९२६ रोजी ते या शहरात जन्मले. ५९ कसोटी, ३,६३१ धावा, १२ शतके हा हिशेब जाणकारांना पाठ असतो. क्रिकेट आपल्या माणसांची नोंद अशी चोख ठेवते. पण युद्धात समुद्रावर गेलेल्या माणसांची?

सेसिल हॅलिडे अ‍ॅबरक्रॉम्बी १८८६ साली बिहारमधील मुझफ्फरपूरला जन्मले आणि पुढे ब्रिटिश नौदलात अधिकारी झाले. स्कॉटलंडकडून ते रग्बी खेळले. १९१३ मध्ये हॅम्पशायर कौंटीकडून पहिल्याच सामन्यात त्यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठाविरुद्ध १२६ धावा काढल्या. त्याच मोसमात लेटनला एसेक्सविरुद्ध १६५ धावा करताना जॉर्ज ब्राउन यांच्यासोबत सातव्या गड्यासाठी ३२५ धावांची भागीदारी केली.

पुढच्या वर्षी महायुद्ध पेटले. ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईत त्यांची युद्धनौका ‘डिफेन्स’ जर्मन तोफांच्या माऱ्यात सापडली. दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि नौका बुडाली. सुमारे ९०० जणांपैकी एकही वाचला नाही. अ‍ॅबरक्रॉम्बी तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते. शंभर वर्षांनंतरही त्यांची प्रत्येक खेळी वाचता येते, कारण मैदानाबाहेर कोणीतरी वही घेऊन बसले होते.

त्याच युद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हिंदी खलाशीही होते. डेकवर रत्नागिरी जिल्ह्यातले, जेवणघरात गोव्याचे, खाली बॉयलरपुढे कोळसा टाकणारे आणखी कुठले. पाणबुडीचा टॉर्पेडो लागला की तळातल्या माणसाला वर यायलाही वेळ मिळत नसे. समुद्राखेरीज ज्यांना दुसरी कबर नाही, अशा दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे.

तेथे नाव मिळते, माणूस मिळत नाही. तो कसा बोलत असे, कशात तरबेज होता, गणपतीला घरी येत असे का, हे कोणत्याही वहीत नाही. अ‍ॅबरक्रॉम्बींचे कर्तृत्व खरेच मोठे. पण स्मृती टिकते ती केवळ कर्तृत्वामुळे नव्हे, नोंदीमुळे. खलाशाचे गाव, वय, जहाज आणि काम यांची नोंद धावफलकाच्या शिस्तीने झाली, तरच समुद्रावरच्या युद्धाचा आपला इतिहास पुरा होईल.