रोग्यांच्या नोंदी आणि रोगांची नावे

रोग्याची नोंद मुळात संशोधनासाठी केलेली नसते. वैद्य ती उपचाराच्या सोयीसाठी करतो, कारकून दप्तराच्या गरजेसाठी. अन्य हेतूने लिहिलेला हा मजकूर पुढे पुरावा म्हणून वाचला जाऊ लागला, की आकड्यांपूर्वी शब्दांचा विचार करणे प्राप्त होते. इंग्लंडचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

सतराव्या शतकात लंडनमध्ये मृत्यूंची साप्ताहिक पत्रके निघत. मृत्यूचे कारण ठरविण्याचे काम वैद्यांकडे नसून प्रेताची पाहणी करणाऱ्या वृद्ध स्त्रियांकडे असे. जॉन ग्राँट या व्यापाऱ्याने १६६२ मध्ये या पत्रकांचे विवेचन प्रसिद्ध केले. मुडदूस हे नाव १६३४ मध्ये प्रथमच आढळते व त्याखाली १४ मृत्यू नोंदलेले आहेत, हे त्याच्या ध्यानी आले. रोग नवा, की जुन्या रोगास मिळालेले नाव नवे? यकृतवृद्धी हा त्याच्याशी सर्वाधिक साम्य असलेला जुना प्रकार होता. त्याचे त्या वर्षीचे ७७ मृत्यू ग्राँटने या १४ मध्ये मिळविले. बेरीज ९१ झाली. यकृतवृद्धीचे आदल्या वर्षीचे मृत्यू ८२ होते. त्यावरून रोग नवाच आहे असे त्याने ठरविले. नऊ मृत्यूंच्या फरकावर उभा असलेला हा निष्कर्ष दुबळा खरा. तथापि प्रश्न अचूक होता.

पुढे विल्यम फार याने १८३९ च्या सुमारास, एका रोगास अनेक नावे व एका नावाखाली अनेक रोग, अशी नोंदींची अवस्था दाखवून दिली. त्या प्रयत्नांची परिणती १८९३ मध्ये झाक बर्तियों याने मांडलेल्या मृत्युकारणांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात झाली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमधील सामान्य चिकित्सकांच्या संगणकीय नोंदी १९८७ पासून संशोधनार्थ एकत्र होऊ लागल्या. रोगनामाची जागा सांकेतिक क्रमांकाने घेतली. १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मधील बारा मुलांविषयीच्या लेखाने गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील एकत्रित लसीचा संबंध स्वमग्नतेशी सुचविला. हा लेख २०१० मध्ये मागे घेण्यात आला. परंतु दरम्यान अनेक पालकांनी लस नाकारली होती. या शंकेची शहानिशा त्याच नोंदींच्या आधारे झाली. २००१ मधील अभ्यासात दोन ते पाच वर्षांच्या मुलग्यांतील निदानाचे प्रमाण, १९८८ मध्ये जन्मलेल्यांत दहा हजारांत ८ व १९९३ मध्ये जन्मलेल्यांत २९ असे आढळले. लसीकरण मात्र सर्व वर्षी ९५ टक्क्यांहून अधिकच होते. अर्थात ही वाढ लसीमुळे झाली असे म्हणता येईना. २००४ मध्ये १,२९४ रुग्ण व तुलनेसाठी घेतलेल्या ४,४६९ व्यक्ती यांच्या नोंदी तपासल्या असताही संबंध आढळला नाही.

लसीचा प्रश्न अशा रीतीने निकालात निघाला. परंतु रोग वाढला, की निदानाची व्याप्ती वाढून तेच नाव अधिक मुलांस मिळू लागले, या ग्राँटच्या प्रश्नाचे उत्तर केवळ या आकड्यांतून मिळण्यासारखे नव्हते. सांकेतिक क्रमांक निश्चित भासतो. तो लिहिताना चिकित्सकाच्या मनात असलेला संदेह, त्या काळची निदानाची रूढी आणि शब्दाचा बदलता अर्थ त्यात उतरत नाहीत. कोट्यवधी नोंदींची मोजणी आता क्षणात होते. म्हणूनच मोजले जाणारे नाव कोणी, केव्हा व कोणत्या अर्थाने लिहिले, याची चौकशी संशोधकास अधिकच काटेकोरपणे करावी लागते.